चिंचोक्यांचें गणित

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत बालवर्गाच्या पालकांपुढें व शिक्षिकांपुढें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं धर्मगुरूनें काय बोलावें याविषयीं एक रूढि पडून गेली आहे. देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आणली, कोणत्या कुटुंबानें किती साहाय्य केलें, हा इतिहास सांगावा व शेवटीं सर्वांचे आभार मानावे. तो इतिहास या पुस्तिकेंत इतरत्र आला आहे, व तो लिहिणारे आमच्यापेक्षां अधिक माहितगार आहेत. आम्ही आज एका अगदीं लहान विषयावर बोलणार आहों. देवळाच्या पाठीमागें बालवर्गाची जी कौलारू खोली आहे, तींत तीन ते सहा वर्षांच्या मुलांनीं गणित कसें शिकावें, हा तो विषय होय.

हा विषय शिक्षिकांचा, फादरांनीं तो कशाला हातीं घ्यावा, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, या विषयांत आमच्या हातून एक चूक घडली आहे, व ती आपणांपुढें सांगितल्यावांचून हें महोत्सवी वर्ष आम्हांस स्वस्थ चित्तानें पार पाडतां येणार नाहीं.

आम्ही या धर्मग्रामांत बदलून आलों तेव्हां बालवर्गांत भांडीं, बाहुल्या, ठोकळे, शिंपले यांचा पसारा असे. त्याच सुमारास जवळपास इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघूं लागल्या होत्या, आणि ‘तेथें तीन वर्षांचें मूल शंभरापर्यंत अंक लिहितें, आपल्याकडे मुलें नुसतीं खेळतात,’ अशी तक्रार घेऊन कांहीं पालक आमच्याकडे येत. पट घसरेल या भीतीनें आम्हीं तो पसारा कपाटांत बंद करावयास लावला, पाट्या आणविल्या, आणि शंभरापर्यंतचे अंक प्रत्येक मुलाकडून दररोज म्हणवून घ्यावे व गिरवून घ्यावे असा हुकूम सोडला. सेमिनरींत आम्ही तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकलों. चार वर्षांचें मूल कसें शिकतें हें आम्हांस कोणीं शिकविलें नव्हतें, व आम्हीं तें कोणास विचारलेंहि नाहीं.

वर्षाअखेरच्या स्नेहसंमेलनांत पांच वर्षांच्या एका मुलानें एका दमांत शंभरापर्यंत अंक म्हणून दाखविले. टाळ्यांचा कडकडाट झाला, व आम्हीं त्यास बक्षीस दिलें. त्याच आठवड्यांत आम्हीं मुलांची तोंडी परीक्षा घेतली. एका मुलीस बारापुढें म्हणतां येईना. तिची आई पहांटेच्या गाडीनें मुंबईस फुलें घेऊन जाणारी. तिला आम्हीं कचेरींत बोलावून सांगितलें कीं, मुलगी मंद आहे, आणखी एक वर्ष बालवर्गांतच राहूं द्या. तिनें मान खालीं घालून ऐकलें, ‘बरें, फादर,’ म्हणाली, व निघून गेली. जूनमध्यें ती मुलगी आमच्या शाळेंत परत आली नाहीं.

पुढें पावसाळ्यानंतर घरभेटी करीत असतां आम्ही त्या घरीं गेलों. ओटीवर आजी व नात चाफ्याच्या फुलांचे दहा दहांचे वांटे केळीच्या पानावर मांडीत बसल्या होत्या. मुलगी पांच फुलें एका ओळींत ठेवी, तींखालीं दुसरीं पांच ठेवी, व वांटा आजीकडे सरकवी. आजीनें लावलेल्या एका वांट्याकडे नुसतें पाहून ती म्हणाली, ‘आजी, यांत दोन कमी आहेत.’ आम्हीं मोजून पाहिलीं. फुलें आठ होतीं. ज्या परीक्षेनें आम्हीं तिला मंद ठरविलें, त्या परीक्षेंत गणित नव्हतेंच. तेथें केवळ पाठांतर होतें.

आणि तो शंभर म्हणणारा मुलगा? नाताळच्या सुमारास सात पाहुणे जेवावयास बसले असतां आम्हीं त्यास सात ताटल्या आणावयास सांगितलें. तोंडानें तो भरभर अंक म्हणूं लागला, हात मात्र सावकाश चालला होता, आणि त्यानें अकरा ताटल्या आणून ठेवल्या. त्याचा यांत कांहीं दोष नव्हता. आम्हीं त्याच्या जिभेस शिकविलें होतें, हातास शिकविलें नव्हतें.

या दोन प्रसंगांनीं आम्हांस पुस्तकें धुंडाळावयास लाविलें. त्यांत जें सांपडलें व शिक्षिकांच्या साहाय्यानें जें करून पाहिलें, तें आतां निवेदन करितों.

म्हणणें व मोजणें

एक, दोन, तीन असें म्हणणें हें गाण्यासारखें पाठ होतें. मोजतांना मात्र मुलास अनेक गोष्टी एकाच वेळीं सांभाळाव्या लागतात. रोशेल गेलमन व गॅलिस्टेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मोजण्याचीं पांच तत्त्वें सांगितलीं आहेत. प्रत्येक वस्तूस एकच अंक द्यावा, कोणतीहि वस्तु सुटूं नये व दोनदां येऊं नये, हें पहिलें. अंकांचा क्रम ठरलेला असतो, हें दुसरें. शेवटीं उच्चारलेला अंक हीच सर्वांची मिळून संख्या, हें तिसरें. वस्तु फुलें असोत कीं पावलें असोत, मोजणें तेंच, हें चौथें. आणि उजवीकडून मोजा कीं डावीकडून मोजा, संख्या बदलत नाहीं, हें पांचवें. आमच्या त्या मुलास दुसरें तत्त्व उत्तम येत होतें. पहिलें व तिसरें यावयाचें होतें.

स्वित्झर्लंडचे झां पियाजे यांनीं अलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ सालीं मुलांच्या संख्याज्ञानावर ग्रंथ लिहिला. त्यांचा एक प्रयोग आम्हीं चिंचोक्यांवर करून पाहिला. सहा चिंचोके एका ओळींत मांडले, प्रत्येकासमोर एक शिंपला ठेविला, व विचारलें, ‘दोन्ही सारखे का?’ चार वर्षांचें मूल म्हणालें, ‘सारखे.’ मग त्याच्या डोळ्यांदेखत शिंपले दूर दूर सरकवून ओळ लांब केली. तेंच मूल म्हणालें, ‘आतां शिंपले जास्त.’ तें मूल मूर्ख नव्हे; त्या वयांत डोळ्यांस दिसणारी लांबी मनांतील संख्येवर मात करिते. पुढील संशोधकांनीं असेंहि दाखविलें आहे कीं, प्रश्न परीक्षेच्या सुरांत न विचारतां खेळाच्या ओघांत आला, तर याहून लहान मुलेंहि पुष्कळदां बरोबर उत्तर देतात. म्हणजे मुलाचें उत्तर कांहीं अंशीं विचारणाऱ्यावरहि अवलंबून असतें. ही गोष्ट आम्हां परीक्षा घेणारांनीं ध्यानांत ठेवावी.

मराठी मुलावर आणखी एक भार आहे. तेवीस म्हणतांना आपण आधीं तीन उच्चारतों व मग वीस. लिहितांना मात्र आधीं दोनाचा अंक, मग तिनाचा. एकोणतीस म्हणजे तिसांस एक उणें. त्या एका शब्दांत वजाबाकी दडलेली आहे. २०१९ सालीं महाराष्ट्राच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हां केवढा वाद माजला हें आपणांस आठवत असेल. त्या वादाचा निकाल लावणें हें आमचें काम नव्हे. परंतु ज्या अडचणीवरून तो वाद उठला ती अडचण खरी आहे. म्हणून आमचें सांगणें असें कीं, बालवर्गाच्या मुलास शंभर नांवांच्या रानांत सोडूं नये. दहापर्यंतच्या संख्या त्याच्या हातांत पक्क्या द्याव्या.

हें नवें नव्हे

वस्तु हातीं देऊन शिकवावें हा विचार आमचा नव्हे व आजचाहि नव्हे. फ्रीड्रिख फ्रोबेल हे जर्मनींतील एका ल्युथरन धर्मोपदेशकाचे पुत्र. त्यांनीं १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग गांवीं लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हें नांव दिलें. त्यांनीं मुलांकरितां योजलेल्या साधनांस ते ‘देणग्या’ म्हणत. पहिली देणगी लोंकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोळा, घन व दंडगोल यांची. तिसरी म्हणजे आठ लहान घन मिळून झालेला एक मोठा घन. तो मोडावा, त्याचे दोन भाग करावे, चार करावे, आठ करावे, आणि पुन्हां जोडून पेटींत ठेवावा. अर्धा, पाव, आठवा हिस्सा हे शब्द कळण्याच्या आधीं ते भाग मुलाच्या हातांत आलेले असत.

पुढें इटलींत डॉक्टर मारिया माँटेसरी या कॅथोलिक विदुषीनें १९०७ सालच्या ६ जानेवारीस, तीन ज्ञानी पुरुषांच्या सणाच्या दिवशीं, रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. तेथील मुलें मजुरांचीं होतीं. माँटेसरी यांच्या पद्धतींत दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत चढत जाणाऱ्या दहा काठ्या आहेत. त्यांवर दर दहा सेंटिमीटरांस आलटून पालटून लाल व निळा रंग दिलेला असतो. ‘पांच’ म्हणजे पांच सुटे तुकडे एवढेंच न राहतां पांच ही एक सबंध काठी म्हणून मुलाच्या हातीं येते, व तीन आणि दोनांच्या काठ्या टोंकास टोंक लावून ठेवल्या कीं त्या पांचाच्या काठीएवढ्या भरतात. ही बेरीज कोणी शिकवावी लागत नाहीं. १९३९ सालीं माँटेसरीबाई मद्रासजवळ अड्यार येथें आल्या, व महायुद्धामुळें कित्येक वर्षें या देशांतच राहिल्या. त्या काळांत त्यांनीं अनेक भारतीय शिक्षकांस तयार केलें.

आणि आमच्या वसईच्या लोकांस तर फार दूर जावयास नको. याच किनाऱ्यावर उत्तरेस बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें, व अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. १९५७ सालीं तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मुलें शाळेंत येईनात, तेव्हां या बायांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली, व गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत नेली. महाग साधनें आणण्यास पैसा नव्हता. म्हणून बिया, शिंपले, खडे, पानें, काटक्या हींच साधनें झालीं. ज्या पसाऱ्यास आम्हीं कुलूप घातलें, तो पसारा या जिल्ह्यांत अशा थोर बायांनीं मांडलेला होता, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

खोलींत काय करावें

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. या सर्व गोष्टी आमच्या शिक्षिका आज करीत आहेत, व कोणत्याहि घरीं करण्यासारख्या आहेत.

मोजण्याच्या आधीं निवडणें यावें. परडीभर चिंचोके, वाल, शिंपले व बटणें एकत्र करून मुलांपुढें ठेवावीं व ‘जे एकमेकांचे ते एकत्र ठेवा,’ एवढेंच सांगावें. कोणी रंगावरून निवडतें, कोणी आकारावरून. ‘तूं हे एकत्र कां ठेवलेस?’ असें विचारावें, व मुलाचें कारण आपल्या कारणाहून निराळें असलें तरी तें ऐकून घ्यावें.

त्यानंतर जोडी लावणें. प्रत्येक मुलास एक वाटी, प्रत्येक वाटींत एक चमचा, प्रत्येक डब्यास त्याचें झांकण. वाट्या उरल्या कीं मुलें उरलीं, एवढें पाहतां आलें म्हणजे कमी, जास्त व सारखें हे तीन शब्द अंकांवांचून कळतात. मेंढपाळास अंक येत नसले तरी प्रत्येक मेंढरामागें एक खडा ठेवून त्यास कळपाचा हिशेब राखतां येतो.

मग क्रम. घरांतील एकांत एक बसणारीं पातेलीं यासाठीं उत्तम. बांबूच्या दहा कांबी कापून माँटेसरीच्या काठ्या आमच्या सुताराकडून एका दुपारीं तयार झाल्या. कडा मात्र नीट घांसून घ्याव्या.

यानंतर अंक. दहा वाट्या ओळींत मांडून त्यांवर शून्यापासून नवापर्यंतचे अंक लिहावे व पंचेचाळीस चिंचोके द्यावे. प्रत्येक वाटींत अंकाइतके चिंचोके टाकले कीं परडी रिकामी होते. परडींत कांहीं उरलें किंवा शेवटच्या वाटीस कमी पडलें, तर चूक झाली हें मुलास आपोआप कळतें; शिक्षिकेनें लाल रेघ मारावी लागत नाहीं. शून्याच्या वाटींत कांहींच पडत नाहीं, याची मुलांस फार मौज वाटते. ‘तीन वेळां टाळी वाजवा, एक वेळ वाजवा, शून्य वेळां वाजवा,’ असा खेळ घेतला म्हणजे पहिल्या दिवशीं सर्व टाळी वाजवितात, दुसऱ्या दिवशीं हंसूं दाबून हात आवरून बसतात. शून्य त्यांस समजलें असें मग खुशाल म्हणावें.

आमच्या वाडवडिलांचे खेळ आपण विसरलों आहों. ‘एकी कीं बेकी’ हा चिंचोक्यांचा खेळ पाहा. मुठींत चिंचोके घ्यावे, समोरच्यानें सम कीं विषम तें सांगावें, मग मूठ उघडून दोन दोन मांडून पाहावें. एक एकटा उरला तर एकी. यांत सम व विषम संख्या आल्या, व दोनाचा पाढाहि दारांत येऊन उभा राहिला. लगोरींत सात चकत्या रचाव्या लागतात. किती रचल्या, किती राहिल्या, हें मूल धांवतां धांवतां मोजतें. फुलांचा हार ओंवतांना दोन पिवळीं, एक तांबडें, दोन पिवळीं, एक तांबडें, असा क्रम चालवावा व ‘आतां कोणतें?’ असें विचारावें. क्रम ओळखणें हें पुढच्या सर्व गणिताचें बीज आहे.

वजनासाठीं नारळाच्या दोन करवंट्या सारख्या दोऱ्यांनीं काठीस टांगून तागडी करावी. बटाटा जड कीं कांदा जड, हें आधीं हातांनीं तोलून सांगावें, मग तागडीनें पाहावें. एक बटाटा किती चिंचोक्यांबरोबर भरतो, हें पाहतांना मुलें श्वास रोखून बसतात.

मापासाठीं आम्हीं जुनीं मापें शोधून काढलीं. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. दशमान मापें १९५८ सालापासून टप्प्याटप्प्यानें आलीं व हीं मापें माळ्यावर गेलीं. परंतु दुपटीचा धडा देण्यास त्यांच्याइतकें सुंदर साधन आम्हांस दुसरें दिसलें नाहीं. फ्रोबेल यांच्या घनांत जें आहे तेंच यांत आहे. तांदूळ भरावे, ओतावे, पुन्हां भरावे. उंच पेल्यांतील पाणी पसरट थाळींत ओतून ‘कमी झालें का?’ असें विचारावें. मूल ‘हो’ म्हणालें तर त्यास खोडूं नये. पुन्हां पेल्यांत ओतून दाखवावें, व उद्यां पुन्हां विचारावें.

पांच वर्षांच्या सुमारास दहाची जुडी यावी. नारळाच्या हिरांचे सारखे तुकडे करून दहा दहांच्या जुड्या दोऱ्यानें बांधाव्या. चौदा म्हणजे एक जुडी व चार सुट्या काड्या. आपल्या भाषेंत बेरजेच्या वेळीं ‘हातचा एक’ म्हणतात. जुडी बांधून जिनें ती हातांत धरली आहे, त्या मुलीस हातचा म्हणजे काय हें पहिली-दुसरींत कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. जुडी कधीं न पाहिलेल्या मुलास तो हातचा कोठून येतो व कोठें जातो हें पुष्कळदां चौथीपर्यंत कळत नाहीं.

येथें एक घरगुती गोष्ट सांगूं द्या. आमची आजी निरक्षर होती. शंभरापर्यंत तिला सलग म्हणतां येत नसे. परंतु जपमाळेचे दहा मणी अंधारांत मोजण्यांत तिची कधीं चूक झाली नाहीं. एक मणी, एक प्रार्थना. दहा झाले कीं निराळा मणी बोटास लागे. माँटेसरी यांनीं दशक शिकविण्यासाठीं दहा मण्यांची सळई केली; आमच्या घरोघरीं दहा मण्यांचीं पांच दशकें खुंटीस टांगलेलीं आहेत. जपमाळ ही प्रार्थना आहे, तिला गणिताचें खेळणें करूं नये. पण सायंकाळीं आजीच्या मांडीवर बसलेलें मूल जेव्हां मण्यांवर बोट ठेवतें, तेव्हां तें आणखी एक गोष्ट शिकत असतें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

कांहीं इशारे

तीन वर्षांचीं मुलें लहान वस्तु तोंडांत, नाकांत व कानांत घालतात. त्यांस चिंचोके किंवा मणी कधींहि एकटें देऊं नयेत. मोठे शिंपले व ठोकळे द्यावे, व मोठें माणूस समोर असावें. वर्ग सुटतांना सर्व वस्तु मोजून परत घ्याव्या. आमच्या वर्गांत पन्नास चिंचोके दहा दहांच्या पांच ओळींत परत लागतात. एके दिवशीं एका ओळींत एक जागा रिकामी दिसली. मुलें घरीं जाईनात. बांकांखालीं, चटईखालीं शोधूं लागलीं. शेवटीं तो एका मुलाच्या खिशाच्या उसवलेल्या शिवणींत सांपडला, व सर्वांनीं एकच ओरडा केला. एकोणपन्नास आणि पन्नास यांतील अंतर त्या दिवशीं मुलांस जसें कळलें, तसें आम्हीं फळ्यावर लिहून कळलें नसतें.

अंक लिहिण्याची घाई करूं नये. बोटांचे स्नायु तयार व्हावयाचे असतात. आधीं वाळूंत बोटानें, मग खरखरीत कागदावर कापलेल्या अंकावर बोट फिरवून, व मग पाटीवर, असा क्रम असावा. बोटांवर मोजणाऱ्या मुलास दटावूं नये. देवानें दिलेलें तें पहिलें साधन आहे. आणि चुकलेल्या मुलास ‘ढ’ हा शब्द लावूं नये. तो शब्द आम्हीं एकदां, अधिक सभ्य रूपांत, वापरला. त्याचें फळ आपण ऐकलेंच.

पालकांनीं घरीं काय करावें? शिकवणी लावूं नये. जेवणाच्या वेळीं पानें मुलास मांडूं द्यावीं. जिन्याच्या पायऱ्या मोजीत चढावें. केळ्यांच्या फणींतून ‘दोन तुला, दोन ताईला’ असें वांटून घ्यावें. भाकरीचे दोन सारखे व चार सारखे भाग मुलाकडून करवावे. आपला भाग लहान झाला तर तें लगेच सांगेल, व तो अपूर्णांकांचा पहिला धडा होईल. बाजारांत त्याच्या हातानें पिशवींत वांगीं टाकवावीं.

अशा खेळांनीं आपलीं मुलें मागें पडतील ही भीति आम्हांस ठाऊक आहे. आम्ही स्वतः तिला बळी पडलों. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि तीन ते आठ हीं वर्षें पायाभूत मानून त्यांत खेळ व कृति यांवर भर दिला आहे. तेव्हां सरकारी कागद हवा असेल तर तोहि आपल्या बाजूस आहे. परंतु आम्हांस त्या ओटीवरील चाफ्याचीं फुलें अधिक पटलीं.

आमची विनंति

या महोत्सवी वर्षांत आम्हीं तीन गोष्टी ठरविल्या आहेत. बालवर्गांत प्रवेश देतांना किंवा पुढें पाठवितांना अंक म्हणण्याची परीक्षा घेतली जाणार नाहीं. पांच वर्षांखालील मुलास अंक लिहिण्याची सक्ति होणार नाहीं. आणि त्या कपाटास पुन्हां कुलूप लागणार नाहीं.

महोत्सवानिमित्त आपण देवळास उदार हस्तानें दिलें आहे. बालवर्गासाठीं आम्ही पैसे मागत नाहीं. माळ्यावर पडलेलें चिपटें, मापटें, जुनी तागडी, बिनजोडीचीं बटणें, धुवून वाळविलेले चिंचोके, करवंट्या, किनाऱ्यावरचे शिंपले, सुताराकडील ठोकळ्यांचे तुकडे, असें कांहीं प्रत्येक घरानें आणून द्यावें. आजी-आजोबांनीं आठवड्यांतून एक तास येऊन एकी-बेकी व लगोरी शिकवावी.

त्या मुलीच्या आईकडे आम्ही या चाळीसदिवसांच्या उपवासकाळांत पुन्हां गेलों व झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तिनें आम्हांस चहा दिला. मुलगी दुसऱ्या शाळेंत दुसरीच्या वर्गांत आहे व तिचें बरें चाललें आहे, असें तिनें सांगितलें. धाकट्या मुलास आमच्याकडे पाठवाल का, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, ‘पाहूं, फादर. आधीं येऊन वर्ग बघेन.’ तिचें हें म्हणणें योग्य होतें. ती येईल त्या दिवशीं तिला दाखविण्यासारखा वर्ग आपण सर्वांनीं मिळून तयार ठेवावा, एवढी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.